आप्पांचा हिशेब

परवा तास संपवून वर्गाबाहेर पडले, तर बी.ए.ची एक विद्यार्थिनी मागोमाग आली. त्या दिवशी मी भूसुधारणा शिकवली होती. कर्नाटकातला १९७४ चा कायदा, कसेल त्याची जमीन, ‘उळुववने होलदोडेय’, असे सगळे. मला वाटले, परीक्षेचे काही विचारायचे असेल. ती म्हणाली, “मॅडम, आजोबा वारले. मामानं हक्कसोडपत्र करून आणलंय. आईची सही पाहिजे म्हणतोय. सही केली तर माहेर राहतंय, नाही केली तर तुटतंय, असं म्हणत आई रात्रभर बसून असते. काय करावं तिनं?”

कायदा मी तिला पाच मिनिटांत सांगितला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकाने १९९४ मध्येच केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली तीत नव्हत्या. मग २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली आणि मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार ठरली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरीही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पोरीने मान डोलावली. पण तिचे समाधान झालेले नव्हते हे मला दिसत होते. तिने कायदा विचारलाच नव्हता. तिने विचारले होते, आईने काय करावे.

त्याचे उत्तर द्यायचे तर मला आमच्या आप्पांपासून सुरुवात करावी लागेल. व्हरांड्यात उभे राहून ते सांगता आले नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या आप्पांना एकट्याने जेवता येत नसे. आईने ताट वाढले की ते हात धुऊन सोप्याच्या दारात येत आणि रस्त्याकडे बघत उभे राहत. कोणी दिसला की, “जेवलास काय गा? ये की, भाकरी खाऊन जा.” कानडी माणूस असला तर, “बर्री, ऊटा माडूणू बर्री.” दहातले आठजण ‘आत्ताच झालं’ म्हणून पुढे जात, दोघे येऊन बसत. त्या दोघांसाठी आई रोज चार भाकरी जादा थापत असे, आणि रोज त्याबद्दल बोलतही असे. “गावजेवण घालायला आपण काय इनामदार लागून गेलोय?” असे म्हणतच ती शेंगाचटणीची वाटी पुढे सरकवी.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. पावसाळ्यात भात, लाल रानात बटाटा आणि रताळी, पाणी असेल तिथे भाजीपाला. आप्पांची वडिलोपार्जित जमीन तीन एकर. त्यांचा जन्म बेचाळीस सालचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. कानडी मात्र ते माणसांकडून आणि बैलांकडून शिकले. ही थट्टा नव्हे. त्यांची पहिली बैलजोडी सौंदत्तीकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली होती. घरी आणल्यावर ती ‘हो’ म्हटले तरी थांबेना आणि ‘चल’ म्हटले तरी हलेना. शेवटी कोणीतरी सांगितले, अरे, त्यांना कानडी बोल. आप्पा “निल्ल, निल्ल!” म्हणाले आणि जोडी उभी राहिली. तेव्हापासून ते औताला कायम कानडीच बोलत. पुढची बैलजोडी आमच्याच गावातली होती, तिला मग कानडी शिकावे लागले.

भाताची मळणी झाली की खळ्यावर माप आप्पा घालत. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत. जुन्या रीतीप्रमाणे ‘लाभ’ म्हणत, मग ‘दोन’, ‘तीन’. गावात कोणाच्याही वाटणीचे माप घालायचे असले की आप्पांना बोलावणे येई. भावाभावांत बोलणे बंद असले तरी दोघेही ‘आप्पा घालतील ते माप’ म्हणत. कारण ते हिशेब कधी एकट्याने, कोपऱ्यात बसून करत नसत. दोन्ही बाजूंची माणसे समोर बसवायची, चहा मागवायचा, पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मोठ्याने मोजायचे. “मोठ्यानं मोजलं की भांडण निम्मं होतंय,” असे ते म्हणत.

बाजारच्या दिवशी ते बटाट्याची पोती घेऊन पहाटे मार्केट यार्डात जात. सौदा सकाळीच आटोपे; आप्पा घरी यायचे संध्याकाळी. मधल्या वेळात कुणाची पोती उतरून द्यायची, कुणाला डॉक्टरकडे न्यायचे, कुणाच्या मुलीसाठी चंदगडकडचे स्थळ सुचवायचे, येळ्ळूरच्या पाहुण्यांकडून घरापुरत्या बासमतीचे बी आणायचे. रविवार पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्यांवर त्यांची बैठक ठरलेली. आई विचारी, “बटाटं काय भावानं गेलं?” आप्पांना तो भाव आठवायला वेळ लागे, पण कुणाच्या घरी बाळंतपण झाले, कुणाची म्हैस आटली, ते सगळे पाठ.

सीमाभागातल्या माणसाबद्दल लिहायचे आणि सीमाप्रश्नाबद्दल गप्प बसायचे, हे बरोबर नाही. १९५६ मध्ये आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा आप्पा चौदा वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर, पाय चालत होते तोवर, एक नोव्हेंबरला ते दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला जात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातही ते होते. आणि त्याच एक नोव्हेंबरला संध्याकाळी, फीत खिशात घालून, ते अक्काच्या घरी जाऊन बसत. तिचा नातू राज्योत्सवाच्या मिरवणुकीतून लाल-पिवळा रुमाल गळ्यात घालून आलेला असे. एकदा मी विचारले, “आप्पा, हे कसं काय जमतं तुम्हाला?” ते म्हणाले, “ते सरकारशी हाय, हे अक्काशी हाय.” त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हते. आपल्या कित्येक घरांत आजही तसे वाटत नाही.

ही अक्का म्हणजे आमची सख्खी कोणी नव्हे. गावातल्या दहा-बारा कानडी घरांपैकी एका घरातली ती सून. तिच्या नवऱ्याची दोन एकर जमीन आमच्या रानाला लागून होती आणि ती आमच्या आजोबांपासून आमच्याकडे खंडाने होती. सगळा तोंडी व्यवहार. आजोबांनंतर आप्पा ती कसू लागले. म्हणजे आमच्या पोटाला तीन एकर आपली आणि दोन एकर कुळाची अशी पाच होती. अक्काचा नवरा ऐन उमेदीत गेला. पदरात दोन लहान मुली, आणि जगण्याला त्या दोन एकरांचा खंड, एवढेच.

आणि १९७४ चा कायदा आला. देवराज अर्स मुख्यमंत्री होते. एक मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातली जमीन सरकारजमा झाली. कुळाने सात नंबरचा फॉर्म भरायचा, आपण कसतो हे लँड ट्रिब्युनलपुढे दाखवायचे, की जमीन त्याच्या नावावर. मालकाला मोबदला होता, पण तो हातावर ठेवल्याइतकाच. फॉर्म भरायची मुदत वाढत वाढत १९७९ पर्यंत गेली.

हा कायदा चांगला होता, असेच मी वर्गात शिकवते, आणि तसे मानतेही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसांना त्याने उभे केले. आमच्याच गावात अशी घरे आहेत की ज्यांची मुले आज इंजिनियर आहेत, आणि त्याची सुरुवात सात नंबरच्या फॉर्मपासून झाली. पण कायदा करताना जमीनदार म्हणून जो माणूस डोळ्यांपुढे होता तो शेकडो एकरांचा धनी होता. दोन मुली घेऊन बसलेली दोन एकरांची विधवा कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. कायद्याच्या लेखी तीही जमीनमालक आणि आमचे आप्पाही कूळ.

आप्पांनी फॉर्म भरला असता तर जमीन त्यांना मिळाली असती. आमच्या आजोबांपासूनची वहिवाट सांगायला गाव साक्षीला उभे राहिले असते. ते अक्काच्या घरी गेले. दारातच बसले. म्हणाले, “अक्का, होला निंद ऐति. या हंगामापासून तूच पेर. बियाणं तुझं, औत माझं.”

अक्का म्हणाली, “तम्मा, मी बाई माणूस, मला कसं जमेल?”

“जमतंय. मी हाय की.”

आणि खरेच जमले. नांगरट, कुळवणी आप्पा करून देत. त्याच्या बदली अक्का आणि तिच्या मुली आमच्या रोपलावणीला, भांगलणीला येत. आपल्याकडे त्याला पैरा म्हणतात, कानडीत मुय्यी. धूळवाफ पेरणी असो की सुगी, दोन्ही रानांत दोन्ही घरची माणसे. येळ्ळ अमावस्येला अक्का शेतात चरगा घालायला निघाली की आम्ही मुले तिच्या टोपलीमागे पळत असू. कडबूचा वास आधी येई, अक्का मागून. दोन्ही मुलींची लग्ने त्या दोन एकरांवर झाली. आणि दर सुगीला, पहिली रास झाली की भाताचे एक पोते अक्काकडून आमच्या सोप्यात येऊन पडे. आप्पा नको म्हणत. अक्का म्हणे, “तुला कोण देतंय? माझ्या वैनीला देतोय.”

आता कोणालाही वाटेल, किती थोर माणूस. गावाला तसेच वाटले. पण घराचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पाच एकरांची तीन झाली. आई संतापली होती आणि तिचा संताप खोटा नव्हता. घरात काही कमी पडले, सोसायटीचे कर्ज थकले, सणाला लुगडे आले नाही, की ती म्हणे, “दोन एकर सोडून आलेल्या माणसाचं घर हे!” आम्ही हे इतक्या वेळा ऐकले की आम्हाला ती एखादी म्हणच वाटायची. माझे चुलते तर कित्येक वर्षे आप्पांशी धड बोलत नव्हते.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती दादाने. १९८९ मध्ये तो दहावी झाला, चांगल्या गुणांनी. मी तेव्हा चौथीत होते. त्या वर्षी बटाट्याला भाव नव्हता आणि एक बैल मेला होता. दादाने स्वतःच पुस्तके बांधून माळ्यावर टाकली आणि औत धरले. पुढे मी शिकले, एम.ए. झाले, प्राध्यापक झाले. माझ्या फीचे, बसच्या पासाचे, हॉस्टेलच्या मेसचे पैसे त्या तीन एकरांतून आले. पिकवणारा दादा होता. हे मी आज कॉलममध्ये लिहिते आहे, पण त्याला समोर बसून कधी नीट सांगितले नव्हते.

२०२२ च्या श्रावणात आप्पा गेले. ऐंशी वर्षांचे होऊन, तीन दिवसांच्या तापाने, आपल्या अंथरुणात. दिवसकार्याला इतकी माणसे आली की मांडव अपुरा पडला. बेळगावहून हमाल आले, अडत्यांचे दिवाणजी आले, बैलबाजारात ओळख झालेले कानडी शेतकरी आले. अक्का आप्पांच्या आधीच गेली होती. तिचा नातू तीन दिवस आमच्याच घरी राहून पाणी भरत होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. “माई, सोमवारी रजिस्ट्रार कचेरीत यायला जमेल काय? पौतीचं काम करून घेऊया. तुम्हा दोघींच्या सह्या झाल्या की सुटसुटीत होतंय.”

दादाच्या मनात कपट नव्हते. आमच्या भागात अशीच रीत आहे. बाप गेला की तलाठ्याकडे पौती, म्हणजे वारसा लावायचा, त्याआधी बहिणींनी हक्कसोड करायची, भावाने साडीचोळी करायची. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी हसत सह्या केल्या आहेत. मीही केली असती. मला पगार आहे, घर आहे. दादाचे माझ्यावर इतके उपकार की सही मागायचीही त्याला गरज नव्हती.

पण माझी धाकटी बहीण हुबळीला भाड्याच्या घरात राहते. तिच्या नवऱ्याची नोकरी त्याच वर्षी सुटली होती. माझ्या लक्षात आले, मी हसत सही केली की तिलाही हसत करावी लागेल. थोरलीने केली, मग धाकटीला काय झाले, असे सगळे म्हणतील. माझी सोय ही तिची सक्ती होणार होती.

मी दादाला म्हटले, “दादा, घाई नको. नावं तिघांची लागू देत. कसणारा तूच. पीक तुझं. पण उताऱ्यावर नाव राहू दे.”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “आप्पांनी दोन एकर सोडली, त्याची किंमत मी दिली. शाळा माझी गेली. आता उरलेल्या तीनातही वाटेकरी? तू सुद्धा, माई?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. भूसुधारणेवर मी तासभर बोलू शकते. पण त्या दिवशी फोन ठेवून मी नुसती बसून राहिले. तो चुकीचे काहीच बोलला नव्हता आणि मीही चुकीचे काही बोलले नव्हते.

दिवाळीला गेले तेव्हा घरात एक अवघडलेपण होते. आम्ही जेवलो, पण पहिल्यांदाच आमच्या घरात तीन माणसे तीन वेळांना जेवली. आईने ते पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने आप्पांची ट्रंक ओढून सोप्यात आणली आणि आम्हा तिघांना बसवले. आत भजनाचे टाळ, सोसायटीच्या पावत्या, सायकल फेरीच्या काळ्या फिती, जुने हस्तलिखित उतारे. त्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घडी केलेला कागद. आईने तो माझ्या हाती दिला, कारण कन्नड वाचता येणारी घरात मीच.

तो सात नंबरचा फॉर्म होता. पूर्ण भरलेला. कुणा लेखनिकाने कन्नडमध्ये लिहिलेला. सर्वे नंबर अक्काच्या रानाचा. खाली आप्पांची सही, मराठीत, चौथी शिकलेल्या माणसाच्या मोठमोठ्या अक्षरांत.

आम्ही तिघेही आईकडे बघत राहिलो. आई म्हणाली, “मीच भरायला लावला होता. दादा तेव्हा पाच वर्षांचा. मी म्हटलं, पोराकडं बघा, गावाकडं बघू नका. तीन वेळा हा कागद घेऊन कचेरीला गेले. तीन वेळा माघारी आले. तिसऱ्यांदा आले ते जेवलेच नाहीत. रात्रभर दादाच्या उशाशी बसून होते. सकाळी उठून अक्काकडं गेले.”

मग आई थोडे थांबून म्हणाली, “फाडून टाका म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. पोरगा मोठा झाला की दाखवू. ते काय दाखवलं नाही त्यांनी.”

दादाने कागद माझ्या हातून घेतला. त्याला कन्नड वाचता येत नाही. तो नुसती सही बघत होता. एवढी वर्षे त्याला वाटत होते की आप्पांनी गावात नाव व्हावे म्हणून जमीन सोडली, आणि सोडताना आपल्या पोराचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. खूप वेळाने तो म्हणाला, “म्हणजे माझी आठवण होती त्यांना.” एवढेच. मग उठून गोठ्यात गेला.

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. सगळ्या गावाशी बोलणारा हा माणूस, रस्त्यावरच्या वाटसरूला जेवायला बोलावणारा, लोकांच्या वाटण्यांचे माप मोठ्याने मोजणारा. त्याने स्वतःच्या आयुष्यातला सर्वांत मोठा हिशेब मात्र एकट्याने केला आणि ट्रंकेत घालून ठेवला. आप्पांनी जे केले ते मला आजही बरोबर वाटते. ते त्यांनी मुलाला सांगितले नाही, हे मात्र चुकले. दादा पंधरा-सोळा वर्षांचा झाला होता, पुस्तके माळ्यावर टाकत होता, तेव्हा त्याला जवळ बसवून हा कागद दाखवला असता, तर शाळा गेलीच असती कदाचित, पण मनातला सल तेहतीस वर्षे राहिला नसता.

सकाळी आम्ही बसलो. आई, आम्ही तिघे, वहिनी आणि दोन्ही जावई. वहिनीने चहा केला. मी म्हटले, आप्पांसारखे करू, मोठ्याने मोजू. आणि खरोखर मोजले. दादाने किती वर्षे औत धरले, कोणाच्या लग्नाला किती कर्ज काढले आणि ते कोणी फेडले, माझ्या शिक्षणाला काय लागले, विहीर खोल करायला मी किती दिले, आईचे औषधपाणी कोण करते. धाकटी पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाली, “मला जमीन विकायची नाही रे दादा. पण उद्या काही झालं तर मला माझं म्हणायला कुठंतरी नाव पाहिजे.” दादाला हे ठाऊकच नव्हते. तिने कधी सांगितले नव्हते, त्याने कधी विचारले नव्हते.

शेवटी ठरले ते असे. विहिरीजवळची एक एकर दादाच्या एकट्याच्या नावाने. ती त्याच्या शाळेची आणि कष्टाची. तेवढ्या एकराच्या सह्या आम्ही दोघी बहिणींनी केल्या, आणि कुणी न मागता केल्या. उरलेली दोन एकर आई आणि आम्हा तिघांच्या नावाने. कसणार दादाच. विकायची वेळ आली तर सगळ्यांनी बसून. हा हिशेब अगदी काटेकोर असेल असे मी म्हणत नाही. वकील म्हणाले, कायद्याने तुम्हा दोघींना जास्त येते. दादाचे मित्र म्हणाले, रीतीने तुला सगळे येते. पण त्या दुपारी आम्ही सगळे एका वेळी जेवलो, आणि जेवायला बसण्याआधी दादा हात धुऊन दारात जाऊन उभा राहिला.

संगणकावरचा नवा उतारा आला तेव्हा तो घेऊन मी गावी गेले. कन्नडमधली चार नावे मी आईला एकेक करून वाचून दाखवली. पहिले तिचेच होते. ती म्हणाली, “परत वाच.”

त्याच सुगीला अक्काचा नातू भाताचे पोते घेऊन सोप्यात आला. आप्पा नाहीत, अक्का नाही, तरी पोते आले. दादाने त्याला बसवून घेतले आणि म्हणाला, “हे पोतं आता बंद कर बाबा. फिटलं सगळं.” तो पोरगा म्हणाला, “मामा, आज्जी सांगून गेलीय. हे फेडायचं नाही, नुसतं आणून टाकायचं.” मग दोघांनी मिळून ते भात कणगीत ओतले. मोजायचे काही कारण नव्हते, तरी दादाने माप घेतले आणि पहिल्या मापाला, आप्पांच्याच आवाजात, ‘लाभ’ म्हणाला.

तर पोरी, तुझ्या आईला एवढेच सांग. सही कर किंवा करू नको, हे मी सांगणार नाही. कागदावर सही करण्याआधी मामाला बसवून घ्या, चहा करा, आणि सगळा हिशेब मोठ्याने मोजा. कोणी काय दिले, कोणाचे काय गेले, कोणाला कशाची भीती वाटते, सगळे. सोडायचे असेल तर ते सोडणाऱ्याने आपणहून सोडावे. रीत आहे म्हणून नव्हे आणि माहेर तुटेल म्हणून तर नव्हेच. आणि जे सोडले, ते का सोडले, हे आपल्या मुलांना सांगून ठेवावे. आमच्या आप्पांना तेवढे जमले नाही.